सेलिश समुद्र : नामकरण, लक्षणा आणि गौरव

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पॅसिफिकचे पाणी आत शिरून बेटांनी भरलेला एक अंतर्गत समुद्र तयार झाला आहे. जॉर्जिया सामुद्रधुनी, ह्वान दे फूका सामुद्रधुनी आणि प्यूजेट साउंड हे त्याचे तीन प्रमुख भाग होत. या समग्र जलप्रदेशाला अमेरिकेने २००९ मध्ये आणि कॅनडाने २०१० मध्ये 'सेलिश समुद्र' या नावाने अधिकृत मान्यता दिली. किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांचा गौरव करणारे नाव, असे त्याचे वर्णन केले जाते. हा गौरव नावाच्या अर्थात आहे, की त्याच्या वापरात, हा प्रश्न मात्र त्या वर्णनाने सुटत नाही.

या पाण्यावरील युरोपीय नावे वाचली, तर ती पाण्याविषयी काहीच सांगत नाहीत असे दिसते. १७८७ मध्ये चार्ल्स बार्कली या इंग्रज नाविकाने सामुद्रधुनीला ह्वान दे फूकाचे नाव दिले; हा स्पेनच्या सेवेतील ग्रीक खलाशी १५९२ मध्ये येथवर आला होता, ही केवळ आख्यायिका होती. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरने आपला अधिकारी पीटर प्यूजेट याचे नाव दक्षिणेकडील जलभागाला दिले, आणि ४ जून रोजी, राजाच्या वाढदिवशी, या प्रदेशाचा ताबा घेतल्याचे जाहीर करून उत्तरेकडील जलभागाशी तिसऱ्या जॉर्जचे नाव जोडले. याउलट प्यूजेट साउंडच्या काठावरील लशुटसीड भाषेतील शब्दाचा अर्थ केवळ 'खारे पाणी' असा होतो. एका परंपरेत नाव हे स्वामित्वाचे चिन्ह आहे, तर दुसरीत अनुभवाचे. पुढे १८४६ च्या करारातील सीमारेषा याच पाण्यातून गेली आणि नातेसंबंधांनी बांधलेली कुटुंबे दोन राष्ट्रांत विभागली गेली.

'सेलिश समुद्र' हे नाव मात्र या जुन्या शब्दभांडारातून उचललेले नाही. १९८८ मध्ये बर्ट वेबर या सागरी जीवशास्त्रज्ञाने ते सुचविले. तेलगळती किंवा माशांची घट सीमारेषा ओळखत नाही. म्हणून संपूर्ण परिसंस्थेला एकच नाव हवे, अशी त्याची भूमिका होती. हे नाव प्रचारात नाही, या कारणास्तव वॉशिंग्टन राज्याच्या भौगोलिक नाममंडळाने तेव्हा प्रस्ताव नाकारला.

येथे भारतीय काव्यशास्त्रातील लक्षणेची संकल्पना उपयोगी पडते. मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी असलेला योग, आणि रूढी अथवा प्रयोजन अशी लक्षणेची अंगे मम्मटाने सांगितली आहेत. 'सेलिश' हे मूलतः समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मोंटानाच्या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या एका लोकसमूहाचे स्वनाम होय. भाषाभ्यासकांनी ते संपूर्ण भाषाकुलाला लावले आणि त्यातून 'किनारी सेलिश' ही संज्ञा घडली. म्हणजे मुख्यार्थ बाधित आहे, आणि योग भाषाकुलाचा आहे. नाममंडळाने रूढी मागितली, तर वेबरने प्रयोजन पुढे केले. त्यानंतरच्या दोन दशकांत अभ्यासक, पर्यावरणवादी आणि स्वतः किनारी सेलिश समाज यांनी हे नाव वापरून त्याला रूढ केले. शास्त्रज्ञाच्या प्रयोजनावर तेव्हा दुसरे प्रयोजन चढले, ते गौरवाचे.

परंतु प्रत्येक लक्षणा काही दाखविते तसेच काही झाकतेही. ह्वान दे फूका सामुद्रधुनीच्या मुखाशी राहणारे माका लोक सेलिश भाषाकुलाचे नाहीत, आणि उत्तर टोकाकडील क्वाक्वाकावाक्व लोकही नाहीत. ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या बाबतीतही नाव आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्याच राहतात. याच किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल हे शहर त्याचे उत्कट उदाहरण होय. शहराला सुक्वामिश-दुवामिश नेत्याचे नाव मिळाले. आणि तो नेता हयात असतानाच, १८६५ मध्ये, गोऱ्यांच्या नोकरीत नसलेल्या मूळ रहिवाशांना शहरात राहण्यास मनाई करणारा ठराव झाला. नाव स्वीकारले गेले, नावाचे धनी मात्र बाहेर राहिले. उलट १९७४ च्या बोल्ट निर्णयाने जमातींना मासेमारीतील अर्धा वाटा मिळाला, तो एकोणिसाव्या शतकातील करारांच्या शब्दांमुळे.

२०१० हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. त्याच वर्षी उत्तरेकडील क्वीन शार्लट बेटांचे नाव रद्द होऊन हायडांच्या स्वतःच्या भाषेतील 'हायडा ग्वाय' हे नाव आले, आणि तेही हायडा राष्ट्राशी झालेल्या सहमतीचा भाग म्हणून. शार्लट ही तिसऱ्या जॉर्जची राणी. तेथे राणीचे नाव गेले, येथे राजाचे राहिले. २००८ मध्ये जॉर्ज हॅरिस या ज्येष्ठ नेत्याने जॉर्जिया सामुद्रधुनीचेच नाव बदलण्याची मागणी केली होती. मान्य झाले ते जुन्या सर्व नावांवरचे एक व्यापक आच्छादन. खालचे एकही नाव पुसले गेले नाही.

तरीही हे नाव पोकळ ठरत नाही. जुलै २०१० मधील नामकरण सोहळ्यास ब्रिटिश कोलंबियाचे लेफ्टनंट गव्हर्नर स्टीव्हन पॉइंट उपस्थित होते. राजसत्तेचा हा प्रतिनिधी स्वतः स्टोलो, म्हणजे किनारी सेलिशांपैकीच होता. राजाच्या वतीने पाण्याला नाव देण्याची व्हँकूव्हरची कृती तेथे उलट दिशेने वाचली गेली. इतरांनी घडविलेली संज्ञा ज्यांच्यासाठी घडविली गेली, त्यांनी ती उच्चारली म्हणजे तिचा वक्ता बदलतो, आणि वक्ता बदलला की अर्थही बदलतो. व्युत्पत्तीने न दिलेला अधिकार प्रयोग देऊ शकतो. मात्र तो प्रयोग नकाशावर थांबला, तर 'सेलिश समुद्र' सिअ‍ॅटलच्या वाटेने जाईल. मासे, पाणी आणि करार यांच्या व्यवहारात तो उतरला, तरच गौरव हा त्या नावाचा वाच्यार्थ होईल.