संधी : वर्ण, हाडे आणि सोलापूरचा किल्ला

१/ सोलापूरच्या ग्रामदैवताचे नावच संधीने बनले आहे. सिद्ध + ईश्वर = सिद्धेश्वर. ‘अ’ आणि ‘ई’ एकत्र येतात, दोघेही आपले रूप सोडतात आणि ‘ए’ उरतो.

२/ ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘धा’ म्हणजे ठेवणे. म्हणून वैद्यकात संधी म्हणजे हाडांचा सांधा. सुश्रुतसंहितेने शरीरात असे २१० संधी मोजले आहेत. येथे मात्र दोन्ही हाडे वेगळी राहतात, म्हणूनच सांधा हलतो.

३/ राजनीतीत संधी म्हणजे तह. कौटिल्याने सांगितलेल्या परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत तो पहिला.

४/ या तिसऱ्या अर्थाची किंमत सोलापूरने मोजली. १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली गेली. फिरिश्ता लिहितो की, आंदण म्हणून सोलापूर देण्याचे ठरले होते. विजापूरने शब्द दिला. किल्ला सोडला नाही.

५/ त्या न पाळलेल्या शब्दावरून दोन्ही घराण्यांत पुढे अनेक वर्षे लढाया झाल्या. अखेर १५६५च्या तालीकोटच्या युद्धापूर्वी, विजयनगरविरुद्ध एकत्र येताना, नवी सोयरीक जुळली. निजामशाही राजकन्या चांदबिबी अली आदिलशाहाला दिली गेली आणि आंदण ठरले पुन्हा सोलापूरच!

६/ मराठीत संधी म्हणजे अनुकूल वेळही. मधल्या चाळीस वर्षांत विजापूर अडचणीत दिसले की नगरची फौज सोलापूरकडे वळे. पहिली संधी पाळली गेली नाही, म्हणून ही दुसरी संधी शोधली जात होती. दोन्हींना शब्द मात्र एकच.