मृत समुद्रावरील होड्या

गालील समुद्रातून निघालेली यार्देन नदी ज्या खाऱ्या, ओसाड सरोवरात विलीन होते, त्या मृत समुद्राचे भय लोकमानसात शतकानुशतके घर करून होते. त्यावरून पक्षीही उडू शकत नाही, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात तेथे जाऊ इच्छिणाऱ्याला आपली होडी खुष्कीच्या मार्गाने न्यावी लागे.

१८३५ साली ख्रिस्तोफर कॉस्टिगन या आयरिश प्रवाशाने उंटावरून होडी नेली. ऐन उन्हाळ्यातील या सफरीत ते ज्वराने खंगले आणि जेरुसलेममध्ये निवर्तले. १८४७ साली ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट मॉलिन्यू यांनी तेच धाडस केले. तेही लवकरच तापाने दगावले.

१८४८ साली अमेरिकन नौदलाचे लेफ्टनंट विल्यम लिंच एक तांब्याची व एक जस्त चढवलेल्या लोखंडाची, अशा दोन होड्या घेऊन आले. भूमध्य समुद्रापासून गालीलपर्यंत उंटांनी त्या गाड्यांवरून ओढल्या. पुढे यार्देनच्या खळाळांतून त्या मृत समुद्रात पोहोचल्या. सुमारे तीन आठवडे मोजमाप चालले. सरोवर समुद्रसपाटीखाली सुमारे ४०० मीटर असल्याचे निश्चित झाले; तेथे पक्षीही दिसले. शाप नव्हे, तर उष्मा व ताप हेच खरे वैरी होते. लिंच यांचे सहकारी लेफ्टनंट डेल यांचाही त्याच वर्षी तापाने अंत झाला.

तेथील लिसान द्वीपकल्पाच्या दोन टोकांना लिंच यांनी कॉस्टिगन व मॉलिन्यू यांची नावे दिली. आज यार्देनचे पाणी वरच्या वर वळवले जाते, म्हणून सरोवराची पातळी दरवर्षी सुमारे १ मीटर खालावते आहे. माणूस ज्या पाण्याला भ्याला, ते जपण्याचे दायित्व आता माणसावरच आले आहे.