रमाबाईंचे घरचे शिक्षण

मुलांना शाळेत न घालता घरच्या व्यवहारातूनच शिकू द्यावे, या विचाराला गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही अनुयायी मिळाले आहेत. त्यांच्या बाजूने वा विरुद्ध काही म्हणावे, हा येथे हेतू नाही. मात्र ही चर्चा निघाली की आम्हांला पंडिता रमाबाईंचे बालपण आठवते, आणि ते वर्गात ज्या रीतीने सांगितले जाते (आम्हीही ते बरीच वर्षे तसेच सांगत आलो) त्याविषयी थोडी अस्वस्थता वाटते.

सांगितले जाते ते चित्र मनोहर आहे. रान, पहाटेची वेळ, जमिनीवर झोपलेल्या मुलीला लाडीगोडीने उठवणारी आई, भोवती पाखरांची किलबिल आणि आईच्या तोंडून ऐकून म्हटलेले संस्कृत पाठ. हे चित्र मुळात रेचल बॉडली यांचे. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या प्रमुख; रमाबाईंच्या 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुस्तक रमाबाईंनी आईला अर्पण केले आहे, तेव्हा पहाटेची आठवण खोटी मानण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रानाचा. पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला, हे खरे. परंतु १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्वतःच सांगतात की, त्या जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडले आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणण्यात आले. आईने शिकवायला आरंभ केला तो त्या आठ वर्षांच्या असताना, आणि ते शिक्षण पंधराव्या वर्षापर्यंत चालले. म्हणजे ज्या रानात पहाटेचे पाठ झाले ते गंगामूळचे असणे शक्य नाही. ज्याला आपण 'घरचे शिक्षण' म्हणतो, त्यात घर नव्हतेच. होती ती वाट, धर्मशाळा, देवळाचे आवार आणि नदीचा घाट.

आता या कुटुंबाचा दिनक्रम पाहावा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी, पेशव्यांच्या घरातील स्त्रीला आपले गुरू संस्कृत शिकवतात हे पाहिले होते, आणि पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवून त्यांनी धर्मपीठाचा रोष ओढवून घेतला होता. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार दाखवून ते त्यातून सुटले. रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. शिकवणे लक्ष्मीबाईंवर आले. कुटुंबाची उपजीविका पुराण सांगण्यावर, नेमके म्हणायचे तर पुराण वाचण्यावर होती. तीर्थस्थळी बसून मोठ्याने संस्कृत वाचायचे. ऐकल्याने पुण्य लागते अशी श्रद्धा असल्याने येणारेजाणारे थांबत, फुले, फळे, धान्य, वस्त्र, पैसा पोथीपुढे ठेवत. मागायचे नाही, असा दंडक.

या व्यवसायाने मुलीला काय दिले, हे आम्हांस येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते. भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले, यात आश्चर्य नाही. ते पाठांतर घराचे भांडवल होते आणि मुले मोठी होताच त्यांनीही वाचायला बसायचे होते. शब्द स्पष्ट उच्चारणे, आवाज दूरवर पोहोचवणे, अनोळखी समुदायापुढे न बिचकणे हे तिला वेगळे कोणी शिकवले नसणार. वाटेवर कानडी, हिंदुस्थानी कानावर पडून आल्या. मराठीचेही रीतसर व्याकरण त्या शिकल्या नाहीत. आईवडिलांचे शुद्ध बोलणे आणि घरात वाचली जाणारी मराठी वृत्तपत्रे व पुस्तके हाच त्यांचा पाठ. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, तेव्हा वीस वर्षांची ही मुलगी सभेत निर्भयपणे कशी बोलली याचे नवल केले गेले. घाटावर वाढलेल्या मुलीला सभेचे भय कसले?

येथपर्यंत सारे शोभिवंत आहे आणि बहुतेक व्याख्याने येथेच थांबतात. परंतु त्याच आत्मनिवेदनात दुष्काळाची पाने आहेत. १८७० नंतरच्या त्या वर्षांत कुटुंबाने दानधर्मात, तीर्थात आणि अनुष्ठानांत होते नव्हते ते घालवले, कारण संकट टळेल असे पोथ्यांत लिहिले होते. मग पाने आणि पाणी यांवर दिवस काढले. जलसमाधी घेण्यापर्यंत विचार गेला. त्या वेळी भाऊ श्रीनिवासने जातीचा अभिमान सोडून मजुरी करतो म्हटले, पण वडील त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. १८७४ साल ते. काही महिन्यांत आई, पाठोपाठ बहीण. रमाबाई कोणताही आडपडदा न ठेवता लिहितात की, पवित्र ग्रंथांखेरीज त्यांना बाहेरचे काहीच ठाऊक नव्हते. अंगमेहनतीचे काम येत नव्हते आणि भीकही मागता येत नव्हती.

हे वाक्य आम्ही वर्गात कधी वाचून दाखवले नव्हते, याची खंत वाटते. कारण पहाटेचा पाठ आणि ही असहायता एकाच शिक्षणाची फळे आहेत. आईवडील निष्काळजी नव्हते. उलट मुलांना बाहेरच्या संसर्गापासून जपायचे, इंग्रजी शिकवायचे नाही, हे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. घरात जे जगले जात होते ते मुलीने उत्तम आत्मसात केले. घरात जे नव्हते त्याची उणीव भासण्याचेही साधन तिच्यापाशी नव्हते. याचा आणखी एक पुरावा कलकत्त्याचाच. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचलात काय असे विचारले, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही असे उत्तर या पंडितेने दिले. पत्नीला शिकवण्यासाठी सभेपुढे उभ्या राहिलेल्या गृहस्थाची ही कन्या! बंडखोर घरालाही कुंपण असते आणि ते आतून दिसत नाही. सेनांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा ते प्रथम ओलांडले गेले.

पुढल्या चरित्राकडे या बाजूने पाहिले तर काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती शिकून घेतली, हा सहसा एका ओळीत उरकला जाणारा तपशील. ज्या बाईचे स्वतःचे बालशिक्षण सर्वस्वी कानाचे आणि स्मरणाचे होते, ती तिशीच्या उंबरठ्यावर हातांनी करून शिकण्याची पद्धत शिकायला बसते. हा निव्वळ योगायोग आम्हांस वाटत नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या; वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्या वेळी आठवल्याचे त्यांनीच नोंदवले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात या मुली लिहायला-वाचायला शिकल्या, आणि त्याबरोबर शेत, माग, तेलाचा घाणा आणि छापखानाही चालवू लागल्या. त्यांच्या हातच्या कामाची जुनी वर्णने सहसा 'उद्योगशिक्षण' या कोरड्या सदरात जातात. तेथे राबणाऱ्या प्रत्येक मुलीमागे १८७४ सालची ती सोळा वर्षांची, काहीच काम न येणारी मुलगी उभी असावी, असे आता ती वर्णने वाचताना आम्हांस वाटते.

आईने दिलेले मात्र त्यांनी टाकले नाही. धर्म बदलला, पण भाषेचा अभ्यास सुटला नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ साली, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले.