राजोत्सवी चर्च-उपासना (व्हिक्टोरिया काळ)

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) युद्ध, विजय, दुष्काळ, राजघराण्यातील आजारपण किंवा राज्यारोहणाचा महोत्सव अशा प्रसंगी अधिकृतपणे होणारी चर्चमधील उपासना. मंत्री, संसद सदस्य, गव्हर्नर आणि मुलकी-लष्करी अधिकारी तिला आपापल्या पदाच्या इतमामाने हजर राहत. वऱ्हाडात या प्रथेचा संबंध अचलपूरसारख्या (तेव्हाचे एलिचपूर) छावणीच्या गावांशी येतो.

इंग्लंडमध्ये संकटकाळी उपवास आणि पश्चात्तापाचा दिवस राजाज्ञेने जाहीर होई. आयर्लंडच्या दुष्काळासाठी २४ मार्च १८४७ आणि हिंदुस्थानातील उठावासाठी ७ ऑक्टोबर १८५७ हे दिवस असे पाळले गेले. उठाव मोडल्यावर १ मे १८५९ रोजी इंग्लंडमध्ये उपकारस्तुती झाली. पुढे उपवास मागे पडले, उत्सव वाढले. युवराज विषमज्वरातून बरा झाला तेव्हा, २७ फेब्रुवारी १८७२ रोजी, सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उपकारस्तुती झाली. राणी अशा थाटाला फारशी राजी नव्हती. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आग्रह धरला. राजेशाहीविरोधी सूर तेव्हा चढत होता आणि या सोहळ्याने तो बराच खाली आला. उपासनेमागचे राजकारण इतके उघडे क्वचितच दिसते.

२१ जून १८८७ च्या सुवर्णमहोत्सवी उपासनेला वेस्टमिन्स्टर ॲबेत हिंदुस्थानी संस्थानिकही पाहुणे होते. इंदूरचे शिवाजीराव होळकर या महोत्सवासाठी लंडनला गेले होते. २२ जून १८९७ रोजी हीरकमहोत्सवाला राणीला पायऱ्या चढवेनात, म्हणून सेंट पॉलच्या दाराबाहेरच छोटी उपासना झाली आणि राणी गाडीतच बसून राहिली. वसाहतींचे अकरा पंतप्रधान त्या महोत्सवासाठी आले होते. त्याच रात्री पुण्यात, गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यावरील समारंभातून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेग आणि दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात या जल्लोषाची चीड किती होती, ते त्या रात्रीइतके दुसऱ्या कशातून कळत नाही.

मुंबई इलाख्यात अशा उपासनांचे मुख्य ठिकाण फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्याला बांधलेल्या ‘अफगाण चर्च’चे पवित्रीकरण १८५८ मध्ये झाले.

वऱ्हाडची गोष्ट वेगळी. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्याच फौजेची एक तुकडी एलिचपूरजवळ परतवाड्याच्या छावणीत असे. मुलूख कायद्याने निजामाचाच राहिला. म्हणजे छावणीत ज्या राणीसाठी प्रार्थना होई, तिचे सार्वभौमत्व त्या जमिनीवर कागदोपत्री नव्हते. हा पेच इथल्या प्रत्येक राजोत्सवाच्या मुळाशी होता.

फौजेतले शिपाई बहुतेक हिंदू-मुसलमान, त्यामुळे उपासनेला येणारे म्हणजे मूठभर युरोपीय अधिकारी आणि त्यांची कुटुंबे. जिथे कायमचा पाद्री नसे, तिथे वरिष्ठ अधिकारीच प्रार्थनेचे पुस्तक उघडून वाचन करी. बसण्याची जागा हुद्द्यावर ठरे: पुढची बाके साहेबांची, मागे कारकुनी करणारे युरेशियन, आणि बाहेर पंख्याची दोरी ओढणारा माणूस, ज्याच्यासाठी त्या दिवशीही सुट्टी नसे. १० मे १८५७ च्या रविवारी, चर्चला जायच्या सुमारास, मीरतला उठाव झाला. तेव्हापासून गोरे सैनिक बंदुका घेऊन उपासनेला जाऊ लागले, आणि बऱ्याच छावण्यांतील चर्चमध्ये बाकांना बंदूक टेकवायच्या खाचा पाडल्या गेल्या.

१ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते. तरी चर्च खात्यातील पाद्र्यांचा पगार हिंदी तिजोरीतून जाई, म्हणजे वऱ्हाडच्या कापूस पिकवणाऱ्या रयतेसारख्यांच्या साऱ्यातूनही. ही विसंगती त्या काळातही झाकलेली नव्हती. महोत्सवांच्या वेळी देवळांत आणि मशिदींतही राणीसाठी प्रार्थना झाल्या. त्यात मनापासूनची निष्ठा किती आणि हाकिमाची मर्जी किती, हे गावागणिक वेगळे असणार.

१९०२ च्या करारात निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिला. पुढच्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व संपले. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाही अमरावतीत विलीन झाला.