रहस्यपटांची नांदी

नांदी चालू असतां प्रेक्षकानें खुशाल पानाचा डबा उघडावा, सूत्रधार-नटीचें बोलणें संपेपर्यंत शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलून घ्यावे, ही आपल्या संगीत नाटकाच्या काळची रीत होती. खरें नाटक त्यानंतर सुरू व्हावयाचें. रहस्यपटानें ही सवलत काढून घेतली. तेथें प्रेक्षकाचा जीव टांगणीस लावण्याचें काम पहिल्याच शॉटपासून चालू होतें, आणि तें बहुतांशीं कॅमेऱ्यावर सोपविलेलें असतें. कॅमेरा भीतिदायक वस्तु दाखवितो म्हणून आपण घाबरतों, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. कोणाला काय कळूं द्यावयाचें आणि कोणापासून काय लपवावयाचें, ही वांटणी कॅमेरा करतो. उत्कंठा त्या वांटणींतून जन्मते. गेल्या शतकांतील तीन चित्रपटांचे आरंभ ओळीनें पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते.

आल्फ्रेड हिचकॉकचा 'द लॉजर' हा मूकपट १९२७ सालचा. लंडनमध्यें १८८८ सालीं 'जॅक द रिपर' ह्या नांवानें ओळखल्या गेलेल्या खुन्यानें जो हाहाकार उडविला, त्यावर बेतलेल्या मेरी बेलॉक लाउंड्स ह्यांच्या कादंबरीचें हें चित्ररूप. चित्रपट सुरू होतो तो किंचाळणाऱ्या एका तरुणीच्या चेहऱ्यानें. तिचें डोकें कांचेवर टेकवून, सोनेरी केस सभोंवार पसरून व कांचेच्या मागून प्रकाश टाकून हा शॉट घेतल्याचें हिचकॉकनें पुढें सांगितलें. मग प्रेत, भोंवतालची गर्दी, आणि छापखाना, वर्तमानपत्रें, रेडिओ ह्यांच्याद्वारां शहरभर पसरणारी बातमी. सारें मोठ्या कौशल्यानें साधलेलें आहे. पण खून होऊन गेलेला असतो. आपणांस धक्का बसतो, वाट पाहावी लागत नाहीं. त्या मुलीचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें.

हिचकॉकनें १९२४ च्या सुमारास बर्लिनजवळच्या स्टुडिओंत उमेदवारी केली होती. पुढचें पाऊल त्याच बर्लिनमध्यें पडलें. फ्रिट्स लांग ह्याचा 'एम' हा पहिला बोलपट मे १९३१ मध्यें तेथें प्रथम दाखविला गेला. अनेकांचे बळी घेणारा ड्युसेलडॉर्फचा पेटर क्युर्टेन ह्याला एप्रिलांतच मृत्युदंड सुनावला गेला होता. शिक्षेची अंमलबजावणी जुलै उजाडल्यावर झाली. म्हणजे पहिल्या दिवशीं चित्रगृहांत बसलेल्या आईबापांना खुनी कसा असतो हें पडद्यावरून शिकावयाचें नव्हतें. खरा खुनी तेव्हां तुरुंगांत जिवंत होता.

लांगनें आरंभीं कांहींच दाखविलें नाहीं. पडद्यावर अंधार, आणि त्या अंधारांत एका लहान मुलीचा आवाज. मग उंचावरून घेतलेला शॉट: आपल्या चाळीसारख्या एका इमारतीचें आवार, रिंगण करून उभीं राहिलेलीं मुलें, आणि मध्यें बोट फिरवीत कोण बाद हें ठरविणारी मुलगी. तिचें गाणें कोयता घेऊन येणाऱ्या काळ्या वेषांतल्या माणसाचें. कपड्यांची जड टोपली वाहणारी एक शेजारीण मुलांवर खेंकसते. ती वळतांच गाणें पुन्हां सुरू होतें. धुणें धूत असलेली बेकमनबाई मात्र म्हणते कीं, गाणें ऐकूं येतें तोंवर मुलें जागच्या जागीं आहेत एवढें तरी कळतें. पुढचा सारा प्रसंग ह्या एका वाक्यावर उभा आहे.

बाराचे ठोके पडतात. बेकमनबाई लेकीसाठीं, एल्झीसाठीं, पान मांडते. इकडे एल्झी चेंडू आपटीत शाळेंतून निघाली आहे. जाहिरातींच्या गोल खांबावर ती चेंडू मारते; त्याच जागीं खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचें बक्षीस जाहीर करणारें पत्रक चिकटविलेलें आहे, आणि त्या पत्रकावर एका टोपीवाल्याची सावली येऊन स्थिरावते. 'चेंडू छान आहे,' असें ती सावली म्हणते व मुलीचें नांव विचारते. चेहरा दिसत नाहीं. यापुढें आईहून आपणांस अधिक माहीत आहे, आणि तें तिला सांगण्याची सोय नाहीं!

मग घंटी वाजते. आईचा चेहरा खुलतो. दारांत उभा असतो तो रोमांचक कादंबरीचा नवा भाग घरोघर पोंचविणारा विक्रेता. लांगनें हा चिमटा आपल्याच प्रेक्षकांना काढला असावा, असें मला नेहमीं वाटतें. तिकीट काढून आपणहि तोच माल घ्यावयास गेलेले असतों. आई हांका मारूं लागते, आणि प्रत्येक हांकेस कॅमेरा एकेक रिकामी जागा दाखवून उत्तर देतो: वरून पाहिलेला जिना, कपडे वाळत घातलेला माळा, टेबलावरचें कोरें पान. शेवटीं झुडपांतून घरंगळत आलेला चेंडू, आणि तारायंत्राच्या तारांत अडकलेला, एका अंध विक्रेत्याकडून त्या माणसानें एल्झीला घेऊन दिलेला फुगा. पार्श्वसंगीत नाहीं. खून दाखविलेला नाहीं.

पुढें १९६२ सालीं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो ह्याला दिलेल्या मुलाखतींत हिचकॉकनें ह्याच भेदाला सुटसुटीत दृष्टान्त दिला. टेबलाखालीं बाँब आहे हें प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटानें तो पंधरा सेकंद दचकेल; ठाऊक असेल, तर टेबलाभोंवतींच्या निरर्थक गप्पा तो पंधरा मिनिटें श्वास रोखून ऐकेल.

ऑर्सन वेल्सनें 'टच ऑफ ईव्हिल' मध्यें (१९५८) टेबलाऐवजीं मोटार घेतली. एक हात घड्याळी बाँबची वेळ लावतो, बाँब मोटारीच्या मागच्या पेटींत पडतो, आणि एक धनिक व त्याची मैत्रीण कांहीं न कळतां आंत बसतात. येथून क्रेनवरचा कॅमेरा न तुटतां तीन मिनिटांहून अधिक वेळ चालतो. छायालेखक रसेल मेटी. कॅमेरा छपरावरून उडी घेतो, मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या गांवांतील रस्त्यावर उतरतो, आणि मोटार अडली कीं शेजारून चालणाऱ्या एका नवपरिणित जोडप्याबरोबर पुढें जातो. शॉट तोडला असता, तर मधला वेळ दिग्दर्शकानें गाळला असें समजून आपण सुटकेचा श्वास टाकला असता. येथें पडद्यावरचें घड्याळ व आपल्या मनगटावरचें घड्याळ एकच होतें.

युनिव्हर्सल कंपनीनें ह्या शॉटवर नामावली छापली आणि हेन्री मॅन्सिनीचें जोरकस संगीत घातलें. संगीत वाईट नाहीं. पण ज्या वेळीं डोळ्यांनीं मोटार शोधावयाची, त्याच वेळीं ते नांवें वाचण्यांत गुंतले. वेल्सनें १९५७ च्या अखेरीस अठ्ठावन्न पानांचें टिपण लिहून कंपनीला आपल्या हरकती कळविल्या होत्या. त्या टिपणाच्या आधारें वॉल्टर मर्च ह्यानें १९९८ सालीं चित्रपटाची नवी जुळणी केली, तेव्हां वेल्स जाऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं. आतां त्या शॉटवर अक्षरें नाहींत. रस्त्यावरच्या निरनिराळ्या दुकानांतून निरनिराळीं गाणीं येतात, आणि त्यांतच मोटारीचा रेडिओ जवळ येतो, दूर जातो. मोटार दृष्टीआड असतांहि ती कोठें आहे हें कान सांगतो. नाक्यावर मोटार थांबते. आंतली बाई तक्रार करते कीं, आपल्या डोक्यांत कांहींतरी टिकटिक वाजतें आहे. नाक्यावरचा शिपाई तिकडे लक्ष देत नाहीं, आणि मोटार पुढें जाते.