पुसलेलं कलम, न पुसलेला शिक्का

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल पुढे मुंबई इलाख्यात आला, तेव्हा पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबं इथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. त्यांची हजेरी घेतली जाई आणि त्यातले कित्येक जण गिरण्यांत राबायला जात. 31 ऑगस्ट 1952 ला ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का कायद्यातून निघाला. वस्तीचं नाव मात्र राहिलं, आणि नावापेक्षा जास्त टिकला तो संशय. कायदा रद्द व्हायला एक दिवस पुरतो, पण त्याने लावलेला शिक्का निघायला पिढ्या जातात, हे या शहराने जवळून पाहिलं आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल आपण तोंड का उघडत नाही, या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच सापडतं. ‘आपली संस्कृतीच अशी’ हे नेहमीचं उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. हे मौन बऱ्याच अंशी कायद्याने घडवलेलं आहे.

भारतीय दंड संहिता 1862 मध्ये लागू झाली. तिच्या 309 व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. पंधरा वर्षांनी, 1877 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत सोलापुरात जुनी मिल उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर आले, पूर्व भागात घराघरांत माग खडखडू लागले. या सगळ्या काळात दवाखान्यातला प्रसंग तोच राही. अर्धवट शुद्धीतला माणूस खाटेवर, उशाशी आई, आणि जबाब घ्यायला आलेला हवालदार. आई म्हणणार, “चुकून पोटात गेलं साहेब.” कागदावर ‘चुकून’ लिहिलं गेलं की सुटका. तिचं खोटं बोलणं शहाणपणाचंच होतं. पण प्रयत्नच झाला नाही असं ठरल्यावर त्यामागच्या दुःखावर उपचार तरी कशाचे करणार? पोट धुऊन, सलाईन लावून माणूस घरी जाई. आपला शब्दही त्या कलमाच्या बाजूचाच आहे. ‘आत्महत्या’ म्हटलं की त्यात ‘हत्या’ आलीच.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सेटलमेंटमधला माणूस जन्माने गुन्हेगार ठरवला गेला, इथे निदान कृती तरी होती. मग तुलना कशी करायची? पण ती कृती ज्या मनःस्थितीत होते ती पाहा. बहुतेकांना मरायचं नसतं, वेदना थांबवायची असते. एकच दार दिसतं, बाकीची दिसेनाशी होतात. ही ऊर्मी लाटेसारखी चढते आणि बऱ्याचदा ओसरतेही. म्हणून त्या वेळी सोबत कुणी असणं आणि घातक वस्तू हाताशी नसणं याला फार मोल आहे. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूपच उतरलं. शिक्षेच्या धाकाने असं काही घडल्याचा पुरावा नाही. 309 कलम पुस्तकात असतानाच, 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात सर्वाधिक 22,746 महाराष्ट्रात होत्या आणि देशातल्या एकूण आकड्यात चौथ्या हिश्शाहून जास्त माणसं रोजंदारीवरची होती.

रोजंदारी म्हटल्यावर दुसरा आक्षेप येतोच: गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाची मजुरी पुरत नाही, विडी वळणाऱ्या बाईला हातात किती पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, भाकरीच्या प्रश्नाला गोळी देऊन काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. कर्ज गोळीने फिटत नाही. पण त्याच पेठेत, तेवढ्याच कर्जात असलेली बहुतेक माणसं जगतात. जो कोसळतो त्याच्या बाबतीत तंगीबरोबर नैराश्य, दारू, घरातली मारहाण, एकटेपणा यांतलं आणखी काहीतरी असतं, आणि त्यावर इलाज आहे. नैराश्याची औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, म्हणून मधल्या दिवसांत समुपदेशन आणि घरच्यांचं लक्ष लागतं. एकदा प्रयत्न झाल्यानंतरचे महिने जास्त जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी केलेल्या अभ्यासात दवाखान्यात तासभर समजावून सांगितलं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस केली. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात 2.2 टक्के माणसं आत्महत्येने गेली. विचारपूस झालेल्या गटात 0.2 टक्के. विचारल्याने मनात नसलेलं भरतं, ही भीतीही संशोधनात खरी ठरलेली नाही. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारावं.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार तज्ज्ञाला दाखवता येतं. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि तेलुगू-कन्नडमध्येही. घरात तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागासाठी ही बारीकशी सोय नव्हे.

कायदा मात्र रडतखडत बदलला. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने 309 कलम घटनाबाह्य ठरवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. 29 मे 2018 ला मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू झाला. प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची, असं त्याचं 115 वं कलम सांगतं. 1 जुलै 2024 ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि 309 गेलं. पण 226 आलं: सरकारी नोकराला भाग पाडायला किंवा रोखायला केलेला प्रयत्न अजून गुन्हाच आहे. 1986 चा खटला ज्याच्यावरून उभा राहिला, तो अपघातानंतर मानसिक आजार जडलेला पोलीस शिपाई होता. बायकोला भाजीविक्रीचा परवाना मिळावा म्हणून तो महापालिका आयुक्तांना भेटायला गेला, भेट मिळाली नाही, आणि तिथेच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. आज तो सोलापुरात कलेक्टर कचेरीच्या दारात असता, तर हवालदाराने आधी 115 उघडलं असतं की 226?