बुलबुलाची 'प्रायमरी की'

आज आफ्रिकेतल्या साध्या बुलबुलाची गोष्ट. तपकिरी अंग, काळपट डोकं, गोड गळा. १७८९ मध्ये देफोंतेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अल्जीरियातल्या पक्ष्यावरून त्याला 'टर्डस बार्बेटस' म्हटलं. टर्डस म्हणजे कस्तूर! पुढे तो 'पिक्नोनोटस'मध्ये हलवला गेला. शेपटीखाली उत्तरेत पांढरा, दक्षिणेत पिवळा. म्हणून काही सूच्यांनी त्याच्या वेगळ्या जाती केल्या. थोडक्यात, वर्गीकरणात दुरुस्ती चालते.

पण जातीच्या नावात? त्याचाच भाऊबंद असलेला आपला लालबुड्या बुलबुल बघा. १७६६ मध्ये लिनियसने त्याला केप ऑफ गुड होपचा समजून 'कॅफर' नाव दिलं. तो तिथला नाहीच! तरी नाव तेच. कारण ती प्रायमरी की आहे, बदलली तर जुन्या नोंदींचे धागे तुटतात.

इथपर्यंत पटतं. पण 'काफिर'वरून आलेला हा शब्द दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांसाठी शिवी ठरला. २०२४ मध्ये माद्रिदला वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'कॅफ्रा'चं 'आफ्रा' करायचं ठरवलं. प्राण्यांच्या नामकरण आयोगाने मात्र अशा बदलांना २०२३ मध्येच नकार दिला होता. मला विचाराल तर, जुनं नाव नोंदीत जपून नवं देता येतं. डेटा मायग्रेशन आपण रोजच करतो की!